आळीत वाटलेला चीक

गिरीज, वसई
२७ फेब्रुवारी २०२५

फेलिशिया,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, मेलवरसुद्धा केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायच्या आधी वाच. माझ्याबद्दल काही नाही, तुमच्या गोठ्याबद्दल आहे.

चांदीचं वासरू गेलं. नाताळाच्या सुमारास झालेलं ते. आठवडाभर उड्या मारत होतं, मग पाण्यासारखी पातळ हगवण लागली आणि दोन दिवसांत डोळे खोल गेले. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं, उपयोग झाला नाही. घरचे तुला हे सांगणार नाहीत. रविवारी तू फोन करतेस तेव्हा काकी ‘सगळं बरंय’ म्हणते, कारण तुझं शेवटचं वर्ष आहे. मी मागे शेण काढत असतो, मला ऐकू येतं.

हो, व्हेटर्नरी कॉलेज सोडून आल्यापासून मी तुमच्याच गोठ्यात असतो. माझ्या घरच्यांना मला स्टॅनीमामाच्या वालीवच्या वर्कशॉपात घालायचंय. मी जात नाही. तुझ्या पप्पांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, गॅब्रिएल काकांना कुणीतरी हवंच होतं.

आता तांबू दहाएक दिवसांत व्यायची आहे. काका म्हणतात, एकाच दावणीची दोन वासरं गेली तर नशीब आणि तिसरं गेलं तर दावण रिकामी करायची. त्यांचा आवाज मस्करीचा नव्हता. वासरांचे रोग शिकवायच्या आधीच मी उठून आलो, त्यामुळे मला येतं ते अर्धवट. तुला पूर्ण येतं. काय करू ते कळव.

एल्रॉय

—

मुलींचे वसतिगृह
४ मार्च २०२५

एल्रॉय,

पत्र वाचलं. उत्तर देतेय ते गोठ्यासाठी. एक नियम आहे. पत्रात फक्त वासरांबद्दल लिहायचं. बाकीची एक ओळ दिसली तर माझ्याकडून उत्तर येणार नाही. मी वाचतेय हे घरी सांगू नकोस.

तांबू व्यायली की वासराला चीक पाज, म्हणजे विण्यानंतरचं ते पहिलं दाट, पिवळं दूध. लवकर पाज आणि पोटभर पाज. दोन तासांच्या आत. या एका गोष्टीपुढे बाकी सगळं दुय्यम आहे. जागा कोरडी ठेव, चांदीचं वासरू बांधलं होतं तिथे हे बांधू नकोस.

सविस्तर नंतर. उद्या राखेचा बुधवार आहे आणि परवा प्रॅक्टिकल.

फेलिशिया

—

गिरीज
१० मार्च

फेलिशिया,

फक्त वासराबद्दल लिहितो.

तांबू शनिवारी पहाटे व्यायली. गोऱ्हा. मी पोचलो तेव्हा तो उभा राहून सड शोधत होता आणि काकांनी त्याला दोरीनं बाजूला बांधून ठेवलं होतं. जार (वार) पडेपर्यंत पाजायचं नाही. आधी पाजलं तर जार आत अडकते, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं तसं काही नसतं. ते म्हणाले, बरं. पण दोरी सोडली नाही.

जार पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तोवर आळी भांडी घेऊन दारात. तुला माहीतच आहे, तुमच्या गाईचा पहिला चीक आळीत घरोघर जातो. काकांनी तीन सड पिळून कॅन भरला, काकीनं बाटल्या भरल्या, एक सड गोऱ्ह्याला. त्याला किती मिळालं असेल ते तूच ठरव. तोपर्यंत तो शोधून शोधून दमला होता, नीट प्यायलाही नाही.

मग मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. ‘तुमच्या मोठेपणापायी वासरू मारताय’ असं बोललो. काका म्हणाले, ‘कॉलेज अर्धं टाकून आलेला मला पूर्ण शिकवतोय.’ फर्डिनंड मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी बादलीला लाथ मारली. रिकामी होती.

गोठ्यात पाय ठेवायचा नाही असं मला सांगण्यात आलंय. गोऱ्ह्याची खबर कुंपणावरून घेतो.

एल्रॉय

—

वसतिगृह
१५ मार्च

एल्रॉय,

लाथ मारायच्या आधी बादली रिकामी आहे हे बघितलं होतंस का? नसशील, तर ती भरलेली असती तरी तू मारली असतीस.

तुला आमच्या आळीतला हिशेब कळलेला नाही, मला तो लहानपणापासून दिसतो. पप्पांची शेती नाही, नुसती वाडी आहे. वर्षभर गाई खातात तो भाताचा पेंढा मास्तरांच्या भावाकडून येतो, केळीचे गाभे मार्गारेट मावशीच्या वाडीतून येतात, कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या लतिकाताई भाजीची देठं पिशवीत घालून आणून देतात. कुणी कधी काही मागितलेलं नाही. गाय व्यायली की चीक जातो, एवढंच. तो देऊ नका म्हणणं म्हणजे पप्पांना आळीतून उठून जा म्हणण्यासारखं आहे. मोठेपणा नाही तो.

त्यांना थांबवू नकोस. दोन तास माग. आधी वासरू, मग आळी. इतकंच मागायचं होतं.

गोऱ्ह्याला हगवण लागलीच तर दूध तोडू नका, मधल्या वेळांत मीठ-साखरेचं कोमट पाणी थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना बोलवा. शेणाचा नमुना बर्फात ठेवून पाठवता आला तर पाठव. माझ्या खोलीतली प्रिस्का होळीच्या सुट्टीत वसईला घरी आलीय, तिच्याकडे दे.

फेलिशिया

—

गिरीज
१९ मार्च

फेलिशिया,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी गोऱ्हा गेला. चांदीच्या वासरासारखाच. काकीनं मला मागच्या दारानं आत घेतलं होतं, रात्रंदिवस आम्ही पाणी पाजत होतो. तो शेवटी गिळेनासा झाला. काकांनी त्याला केळीच्या ओळीमागे पुरलं. मी खड्डा खणला, त्यांनी मला जा म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही.

शेण मी आधीच्या दिवशीच काढून ठेवलं होतं. प्रिस्काबरोबर थर्मासमध्ये पाठवलंय. तिला आत काय आहे ते सांगितलेलं नाही, ‘फेलिशियासाठी घरचं आहे’ म्हटलं. खोटं नाही ते.

तिसरी मोगरी. पहिलारू आहे, पहिलंच वेत, ईस्टरच्या सुमारास व्यायची. काकांनी तुळिंजच्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय. ईस्टरनंतर तो टेम्पो घेऊन येणार आणि तिन्ही गाई नेणार. काकी म्हणते, मोगरीचं वासरू जगलं तर ते माघार घेतील. परवा मी बघितलं, काका रिकाम्या खुंट्याजवळ उभे राहून खुंटा हलतोय का ते बघत होते. हलत नव्हता. तरी त्यांनी दगडानं ठोकला.

एल्रॉय

—

वसतिगृह
२९ मार्च

एल्रॉय,

थर्मास प्रिस्कानं वाटेत उघडला. ती तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही असं तुला कळवायला सांगितलंय.

नमुना तपासला. विषाणू आहे, लहान वासरांच्या आतड्यात बसणारा. म्हणून डॉक्टरांच्या औषधानं फरक पडला नाही, विषाणूवर ती औषधं चालत नाहीत. तो गोठ्यात आहे, जमिनीत आहे, मोठ्या गाईंच्या पोटातही असेल. मोठ्यांना तो काही करत नाही.

आता नीट वाच. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची थोडी शिदोरी आईच्या पोटातच मिळते. वासराला मिळत नाही. ते रिकाम्या हातानं जन्माला येतं. त्याची सगळी शिदोरी चिकात असते, आणि जन्मल्यावर पहिले काही तासच त्याचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं. तासागणिक ते बंद होत जातं. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजलं तरी रक्तात जवळजवळ काही जात नाही. दुपारपर्यंत बांधून ठेवलेल्या गोऱ्ह्याचं काय झालं ते तुझ्या लक्षात आलं असेल.

पण हा विषाणू आतड्यात बसतो, त्यामुळे नुसतं रक्तातलं पुरत नाही. म्हणून पुढचे दोन आठवडे रोजच्या दुधात थोडा चीक मिसळून द्यायचा. तो रक्तात जाणार नाही, पण आतड्यात राहून तिथल्या तिथे विषाणूला अडवेल.

अडचण मोगरीची आहे. पहिलारूचा चीक कमी असतो आणि पातळ. जुन्या गाईनं त्या गोठ्यातले रोग बघितलेले असतात, तिच्या चिकात जोर जास्त. तांबूचा असता तर सोनं होतं, पण तो वाटून झाला. गाभण गाईला आधीच टोचायची लस असते, मी इथे विचारलं, आपल्याला वेळेत मिळणार नाही.

पप्पांशी बोल. भांडू नकोस, बोल. तुला दोन्हींतला फरक माहीत आहे असं मी धरून चालते.

फेलिशिया

—

गिरीज
७ एप्रिल

फेलिशिया,

काल मिस्सानंतर गेलो. भांडलो नाही. नोंद असू दे.

काका म्हणाले, ‘बस.’ मी म्हटलं, चुकलं. ते म्हणाले, ‘बादलीचं?’ मी म्हटलं, आळीसमोर बोललो त्याचं. चिकाबद्दल मी बरोबरच होतो. काकी आतून खोकली. काका मात्र हसले, बऱ्याच दिवसांनी.

मग मी फक्त दोन तास मागितले. विषाणू कुठून कळला असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं, कॉलेजच्या ओळखीतून. त्यांनी पुढे विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःहून जारीचं सांगितलं. ते शाळेत असताना तुझ्या आजोबांची गाय जार अडकून मेली. सगळे म्हणाले, वासराला घाईनं लावलं म्हणून. तेव्हापासून ते थांबतात. मी म्हटलं, वासरू ओढतं तेव्हा उलट जार सुटायला मदतच होते. ते मोगरीकडे बघून म्हणाले, ‘बघू.’

काकी मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, ‘यांचं बघू म्हणजे हो. लग्नालाही बघूच म्हणाले होते.’

गोठ्याला चुना मारला. मोगरीची जागा बदलली. खाली कोरडा पेंढा.

एल्रॉय

—

गिरीज
१९ एप्रिल, पवित्र शनिवार

फेलिशिया,

मोगरी काल व्यायली. गुड फ्रायडेला, भर दुपारी. कालवड आहे. अंगानं बारीक, तांबडी, कपाळावर पांढरं.

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझी गडबड होईल.

जार पडली नव्हती. काकांनी स्वतः दोरी बाजूला टाकली आणि म्हणाले, ‘लाव सडाला.’ मी लावली. कालवडीनं ढुशा दिल्या, ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. काका खाली बसले (गुडघ्यांसकट बसले) आणि त्यांनी पिळून बघितलं. अर्धा कप. तोही पाण्यासारखा. एका बाजूची कास दगडासारखी घट्ट आणि गरम. दुसरीत काही नाही. काकांनी कप हातात धरला आणि म्हणाले, ‘संपलं.’

मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करतो कासेसाठी. पण वासराला आत्ता काय द्यायचं? तांबूचा असता तर, असं मी म्हटलं. तुझंच वाक्य.

काकी दारात उभी होती, तीनच्या प्रार्थनेला जायचे कपडे घालून. ती म्हणाली, ‘तांबूचा आहे की. सगळ्यांच्या फ्रिजात.’

काका कप खाली ठेवून तिच्याकडे वळले.

‘राखेच्या बुधवारानंतर आला ना तो,’ काकी म्हणाली. ‘उपवासकाळात खरवस कोण खाणार आपल्यात? सगळ्यांनी वर बर्फात ठेवलाय. ईस्टरला करायचा म्हणून.’

सहा आठवडे मी त्या फ्रिजांच्या रांगेतून रोज सायकल मारत होतो. तू तिथे होस्टेलला बसलीयस, तुझं सोड. मी इथे होतो. माझी आईसुद्धा मला म्हणाली होती, वरच्या कप्प्यातल्या बाटलीला हात लावू नकोस. मला कळायला हवं होतं.

मी उठलोच होतो. काका म्हणाले, ‘नाही. दिलेला चीक परत मागत नाहीत.’

माझ्या तोंडात काय आलं होतं ते लिहीत नाही. ते मी गिळलं. गिळलं कारण काकांचं तोंड बघितलं. त्यांना नको नव्हतं, लाज वाटत होती. कालवड त्यांच्या पँटचा कोपरा चोखत होती.

ते उठले, आत गेले, चर्चचा पांढरा शर्ट घालून आले. काकीला वाटलं, प्रार्थनेला निघाले. त्यांनी दुधाचा कॅन घेतला. मला म्हणाले, ‘चल. मी मागणार. तू तोंड उघडायचं नाहीस.’

पहिलं घर फर्डिनंड मास्तरांचं. मास्तर पायात चपला घालत होते. कॅन बघून म्हणाले, ‘काय गॅब्रिएल, आज उलटं?’ काकांनी सांगितलं, तांबूचा चीक असेल तर परत हवाय, वासराला. मास्तर थांबले. म्हणाले, ‘इतकी वर्षं देतोयस, मागायला पहिल्यांदा आलास. उद्या मी पेंढा परत मागितला तर?’ काका म्हणाले, ‘गाईंनी खाल्लेला देईन, टोपलीत भरून.’ मास्तर मोठ्यानं हसले, आणि हसता हसता आत जाऊन दोन बाटल्या घेऊन आले. त्यांची एक आणि शेजारच्यांची एक, किल्ली त्यांच्याकडेच असते.

मार्गारेट मावशीची पंचाईत झाली. तिनं ठेवतानाच गूळ आणि वेलची घालून ठेवली होती, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. ‘वासराला वेलची चालते का रे?’ मला तोंड उघडायचं नव्हतं, मी मान हलवली. मावशी रडायलाच लागली. काका तिला म्हणाले, ‘मावशी, रविवारी आम्हालाच पाठव तो, खरवस करून.’

त्याच्या पुढच्या घरी कुणी नव्हतं, सगळे चर्चला गेले होते. त्याच्या पुढेही नाही. चर्चकडून लाकडी खटखट ऐकू येत होती, गुड फ्रायडेला घंटेऐवजी लाकूड वाजवतात ना. काका चर्चच्या रस्त्याला वळले. मला वाटलं, संपलं, हे प्रार्थनेला जातायत. ते फाटकाशी उभे राहिले. लोक आत चालले होते, काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, कुणी बोलत नव्हतं. काका एकेकाला थांबवून हळू आवाजात विचारत होते, ‘तांबूचा चीक आहे का?’ आणि लोक तितक्याच हळू आवाजात ‘आहे’ म्हणत खिशातून घराच्या किल्ल्या काढून देत होते. एल्सी टीचरनी मला फ्रिजातला कप्पासुद्धा सांगितला, कोळंबीच्या मागे.

लतिकाताईंना आपला उपवास नाही. त्यांनी त्याच दिवशी खाल्ला होता. पण सासूबाई गावाहून येणार म्हणून एक बाटली राखलेली. त्यांनी विचारलं, ‘गरम करून देऊ का?’ आम्ही दोघं एकदम ओरडलो, ‘नको!’ माझं तोंड तेव्हा उघडलं. काकांनी माफ केलं.

घरी काकीनं तोवर पातेलं गॅसवर चढवलं होतं. तेही उतरवलं. चीक तापला की त्यातली शिदोरी मेली. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बाटल्या उभ्या केल्या आणि वितळायची वाट बघितली. मला ते सगळ्यांत कठीण गेलं. काहीच करायचं नव्हतं.

कालवड प्यायली. पहिल्या बाटलीला तिला कळेना, दुसरी तिनं माझ्या हातातून ओढली. दोन तास नाही जमले, तीनच्या वर गेले. संध्याकाळी परत पाजला. जार रात्री आपोआप पडली. डॉक्टरांनी कासेसाठी औषध दिलंय.

काका प्रार्थनेला गेले नाहीत. याआधी कधी गुड फ्रायडे चुकल्याचं त्यांना आठवत नाही म्हणाले. आम्ही पेंढ्यावर बसलो होतो तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट विचारली. ती नियमात बसत नाही, म्हणून लिहीत नाही.

एल्रॉय

—

वसतिगृह
२६ एप्रिल

एल्रॉय,

बरोबर केलंस. तीन तास चालतील.

उरलेला चीक एकदम संपवू नका. रोज दुधात थोडा, दोन आठवडे. हगवण लागली तरी घाबरू नकोस, लागेल कदाचित. ती किती जोरात लागते ते बघायचं.

पप्पा चर्चच्या फाटकात उभे राहिले ते पान मी पुन्हा वाचलं. रविवारी फोनवर मम्मी म्हणाली, ‘सगळं बरंय.’ मी विचारलं, गुड फ्रायडे कसा झाला. पप्पा मागून म्हणाले, ‘शांत.’

व्यापाऱ्याचं काय झालं?

फेलिशिया

—

गिरीज
६ मे

फेलिशिया,

सातव्या दिवशी पातळ झालं. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही पातळ, पण कालवड उभी, पीत होती, शेपटी हलवत होती. चौथ्या दिवशी शेण बांधलं. डोळे खोल गेले नाहीत.

चीक संपत आला होता. काकांनी मागितला नाही. मावशीच्या सुनेच्या माहेरी एक गाय व्यायली, तिथून डबा आला. न मागता.

व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. काकांनी त्याला चहा पाजला आणि मार्गारेट मावशीचा वेलचीचा खरवस खायला दिला. तो म्हणाला, खरवस चांगलाय, गाई कुठायत? काका म्हणाले, गाई घरी आहेत. रिकामा टेम्पो आळीतून मागे घेताना त्यानं मास्तरांचं कुंपण मोडलं. ते मी बांधलं.

आता काका म्हणतात, मला गोठ्यात निम्मा भागीदार करतील. त्यांच्यानं एकट्यानं होत नाही.

आणि आता मी नियम मोडतो. त्या दिवशी पेंढ्यावर काकांनी विचारलं होतं, ‘तू इथे वासरांसाठी येतोस की माझ्या पोरीसाठी?’ मी बाटल्या धुवायला उठलो. उत्तर तुला देतो. पोरीसाठी. पहिल्या दिवसापासून. शेण काढलं ते, चुना मारला तो, तोंड बंद ठेवलं ते, सगळं. तू परत ये. डॉक्टर होऊन ये. तालुक्याला तुझ्यासारखी डॉक्टर नाही. गोठा आहे, मी आहे, काका ‘बघू’ म्हणतील.

नियमाप्रमाणे तू उत्तर देणार नाहीस. तरी दे.

एल्रॉय

—

वसतिगृह
१५ मे

एल्रॉय,

नियम मी केला होता, मीच मोडते.

गाई विकायचा सल्ला पप्पांना जानेवारीत मीच दिला होता. नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा त्यांचे गुडघे बघितले, ते पहाटे भिंत धरून उठतात ते बघितलं. व्यापाऱ्याचा नंबरही मीच शोधून दिला. ते तयार नव्हते. दोन वासरं गेल्यावर तयार झाले. तुझी पत्रं यायला लागली तेव्हा मी उत्तर दिलं नसतं, तर आज दावण रिकामी असती आणि पप्पा घरात बसले असते. मला तेच हवं होतं. पण वासरू कसं वाचवायचं ते माहीत असताना सांगायचं नाही, हे मला जमलं नाही. एवढंच. तू त्यात आणखी काही वाचलंस, ते मी लिहिलेलं नव्हतं.

मी गिरीजला परत येणार नाही. विदर्भात एका दूध संघाकडे काम मिळालंय, जुलैपासून. तिथे कुणी माझी वाट बघत नाही, म्हणूनही जातेय. तुझ्यासाठी माझ्या मनात तसं काही नाही, एल्रॉय. कॉलेजात नव्हतं, आता नाही. होईल असं म्हणणं खोटं ठरेल.

आता पप्पांच्या प्रश्नाबद्दल. तू माझ्यासाठी त्या गोठ्यात उभा असशील तर भागीदारी घेऊ नकोस. या महिन्यातच निघ. तू वर्षभरानं चिडून निघून गेलास तर त्यांना सगळं पुन्हा एकट्याला करावं लागेल, आणि तेव्हा ते विकणारही नाहीत, कारण आता त्या कालवडीत त्यांचा जीव अडकलाय. त्यांना ओळखते मी. खरं उत्तर मला नको, त्यांना दे.

फेलिशिया

—

गिरीज
२४ जून

फेलिशिया,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी काकांना सांगितलं, पोरीसाठी येत होतो, आता येणार नाही. ते म्हणाले, ‘बरं.’ दुसऱ्या दिवसापासून वालीवला गेलो, स्टॅनीमामाकडे. लोखंडी पत्रे कापायचं मशीन आहे. आवाज इतका की डोक्यात दुसरं काही राहत नाही. मला ते चालत होतं. तुला दोन पत्रं लिहिली, ती पाठवण्यासारखी नव्हती.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी काकांनी निरोप पाठवला. मास्तरांच्या भावाची म्हैस पलीकडच्या गावात व्यायलेय, आणि माझ्यानं चिखलातून जाववत नाही. तू जा. बस्स. मी वर्कशॉपच्या कपड्यांतच गेलो.

रेडकू खांबाला बांधलेलं. एक म्हातारी जवळ बसलेली, जार पडायची वाट बघत. मी शेजारी बसलो. तिला विचारलं, आजी, आधी कधी जार अडकली होती का कुणाची? तिनं सगळं सांगितलं, लांबलचक, दोन म्हशींचं आणि एका जावेचं. मी ऐकलं. मग विचारलं, रेडकाला थोडंसं लावून बघू का, तुमच्यासमोरच? नाही पटलं तर परत बांधू. ती म्हणाली, बघू.

मी दोरी सोडली.

ते पीत होतं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी कुणालाही दाखवत नाहीये. तिथे तू नव्हतीस, तुझे घरचे नव्हते, त्या लोकांना माझं नावही माहीत नव्हतं. तरी ते पोटभर पिईपर्यंत मी उठलो नाही. म्हातारीनं चहा दिला तो गार झाला.

सोमवारी काकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, ‘आता कशासाठी?’ मी त्या रेडकाचं सांगितलं. ते म्हणाले, ‘मग बादली घे.’

भागीदारी घेतलीय. मामाला सांगून टाकलंय. चांदी गाभण आहे. तांबूचा चीक पुढच्या वेळी आधी दोन बाटल्या बर्फात जाईल, मग आळीला. मास्तर म्हणाले, आमच्याच फ्रिजात ठेवा, तुमचा सारखा बंद पडतो.

तिकडे विदर्भात उन्हाळ्यात वासरांना जपायला लागेल, सावली बघून घे.

या पत्राला उत्तर नको.

एल्रॉय